कोणी न घेतलेलं तिकीट

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शेवटी बसलेच टपरीत!

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन परवा झालं. डॉक्टर म्हणाले, तीन आठवडे धूळ नको. आता बोईसर स्टेशनच्या बाहेर धूळ नको म्हणजे दुकान बंदच ठेवायचं. ते बाबांना जमणार नाही, दिवाळी बंपर लॉटरीची सोडत तोंडावर आलेली. मग घरात रिकामी कोण? मी. कॉलेजला सुट्टी लागली आणि संख्याशास्त्राच्या स्नेहल मॅडम लॉटरीची तिकिटं विकायला बसल्या. माझ्या बारावीच्या पोरांनी बघितलं तर त्यांची वर्षभराची सोय झाली.

टपरी म्हणजे चार पत्रे आणि एक स्टूल. पाय लांब केले की रस्त्यावर. दोऱ्या बांधून त्यांवर चिमट्यांनी तिकिटं टांगलेली, वाळत घातल्यासारखी. बाबांनी निघताना तीन नियम सांगितले. तिकीट गिऱ्हाइकाने स्वतः निवडायचं, आपण हातात द्यायचं नाही. ‘हे लागेल बघा’ असं तोंडातून काढायचं नाही. आणि आपण कधी खेळायचं नाही. "दुकान आपलं, खेळ त्यांचा," म्हणाले. एकतीस वर्षं हा माणूस लॉटरीत बसलाय आणि एक तिकीट स्वतःसाठी घेतलेलं नाही. मी एवढी संभाव्यता शिकवते, मलासुद्धा इतका संयम नाही — मी आज पहिल्याच दिवशी मनात एक निवडून ठेवलं!

टपरीही फार दिवसांची नाही. रस्ता रुंद करायची नोटीस आलीय. नोव्हेंबर संपेपर्यंत जागा मोकळी करायची. बाबा म्हणतात आता दुसरीकडे नाही मांडायचं, बस झालं. म्हणजे हे बंपर शेवटचं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

आज पन्नास-एक माणसं येऊन गेली. बहुतेक एमआयडीसीतली, पहिली पाळी सुटल्यावर.

मला वाटायचं, लोक येतात, तिकीट घेतात, जातात. छे! नवरी बघायला आल्यासारखे बघतात. एकाला शेवटी सात हवा. एकाला बेरीज नऊ हवी. एकाने बायकोला फोन लावून आकडे वाचून दाखवले, तिने तिकडून नापास केले. आणि दोरीवर एक तिकीट आहे, डी सिरीज, ४४४०४. त्याच्याकडे बघून सगळे हसतात. पुढचे, मागचे, शेजारचे सगळे गेले. ते एकटंच लटकलंय.

कमलेश नावाचं एक रोजचं गिऱ्हाईक आहे. कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात आहे, हाताची नखं कायम निळी. तो म्हणाला, "मैडम, ये नंबर तो हकला रहा है. ऐसा नंबर कभी निकलता है क्या?" तोतरं तिकीट म्हणे!

मी न राहवून मास्तरीण झाले. म्हटलं, बघ. ए ते ई पाच सिरीज. प्रत्येकीत शून्यापासून नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवपर्यंत एक लाख तिकिटं. म्हणजे सगळी मिळून पाच लाख. पहिलं बक्षीस एक. तुझं सुंदर ७३८१९ घे नाहीतर हे चव्वेचाळीस वालं घे, दोघांनाही पाच लाखांत एकच संधी. सोडतीच्या चक्राला डोळे नसतात. शेवटचे चार आकडे जुळले तर लहान बक्षीस, ते दहा हजारांत एक. शेवटचे दोन जुळले तर तिकिटाचे पैसे परत, शंभरात एक. बाकी सगळे घरी.

त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वो सब ठीक है मैडम. पर नंबर का भी चेहरा होता है."

आणि ७३८१९ घेऊन गेला.

१९ ऑक्टोबर, रविवार

ऊन असं की पत्र्याखाली माझाच फराळ तळून निघेल. ४४४०४ जागेवर.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

संध्याकाळी बाबा काळा चष्मा लावून टपरीवर आलेच. पूजा त्यांच्याच हातची हवी. तिकिटांच्या गठ्ठ्याला हळदकुंकू वाहिलं, बत्तासे ठेवले, आईने केळीच्या पानावर माकुणसारच्या वाडीतला पहिला पेरू ठेवला. तिकडे रिक्षा स्टँडच्या कोपऱ्यावर विनोदच्या दुकानात लायटिंग, गाणी, गर्दी. त्याच्या दारावर मोठ्ठा फ्लेक्स आहे — ‘पहिले बक्षीस याच दुकानातून’. चार वर्षांपूर्वीचा आहे, उन्हाने गुलाबी पडलाय, तरी लोक लांबून तिथेच जातात. त्यांना वाटतं त्या दुकानाला हातगुण आहे.

मी बाबांना म्हटलं, लोक वेडे आहेत. विनोद जास्त तिकिटं विकतो म्हणून त्याच्याकडे लागलं. लागलं म्हणून आणखी गर्दी, गर्दी म्हणून आणखी लागायची शक्यता. यात नशीब कुठे आलं?

बाबा म्हणाले, "म्हायतीय मला. पण बोर्ड त्याच्याकडं हाय."

 मग ते स्वतःच बोलायला लागले. टपरी घेतली तेव्हा पेंटरने वर नाव रंगवलं, त्यांनी नावाखाली वीतभर पट्टी कोरी ठेवायला लावली. पहिलं बक्षीस लागलं की तिथे लिहायचं म्हणून. एकतीस वर्षांत तिसरं लागलं एकदा, पाचवं दोनदा. पहिलं नाही. लोक तोंडावर म्हणतात, बळवंतशेठची टपरी पनवती आहे. बक्षीस बाबांना नकोच आहे हो! त्यांना फक्त ते लिहायचंय.

"तुजं गणित काय सांगतं?" त्यांनी विचारलं. "आपल्या दुकानात पयलं किती वर्षांनी यावं?"

मी गठ्ठ्याच्या वेष्टणावरच मांडलं. एका बंपरला आपण साधारण दोनशे तिकिटं विकतो. पाच लाखांत दोनशे, म्हणजे अडीच हजारांत एक. वर्षाला सहा बंपर. चारशेहून जास्त वर्षांत एकदा. त्यांचं तोंड बघून मी शोधाशोध केली — निम्मी तिकिटं सगळीकडून न विकता परत जातात, आणि बंपरचं पहिलं बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच काढतात, न विकलेलं निघालं तर चक्र पुन्हा फिरवतात. म्हणजे पाच लाखांऐवजी अडीच लाखच धरू. दोनशे वर्षं.

"मग एकतीस झाली की," बाबा म्हणाले. "पावणेदोनशे ऱ्हायली."

"बाबा, ती वजा होत नाहीत. दर सोडतीला पाटी कोरी. चक्राला आठवण नसते."

"मला हाय ना," म्हणाले. आणि बत्तासा खाल्ला.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. फार वाईट वाटलं, खरं तर.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

टपरी बंद. भाऊ आला, जेवला, झोपला, गेला.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आज नवसी भेटली. बाबांनी घरी सांगितलं होतं, ती आली की तिला चहा दे, तिच्याकडून चहाचे पैसे घेऊ नको.

मनोरच्या पलीकडे डोंगरात पाडा आहे तिचा. इथे एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये भांडी घासते. नवरा चिंतू गावी भाताच्या कापणीला. पाऊस गेला की त्यांच्या जमिनीत काही पिकत नाही, मग दरवर्षी दिवाळी झाली की मुकादम येतो आणि सगळ्या कुटुंबाला वीटभट्टीवर घेऊन जातो. नवसीने दोन वर्षांपासून भट्टीला नाही म्हटलंय. तिची मुलगी आनंदी आश्रमशाळेत सातवीत आहे, भट्टीवर गेलं की शाळा सुटते. दीर चिडलेत, मुकादम चिडलाय. ही इथे एका खोलीत राहते आणि भांडी घासते. हे सगळं तिने चहा पिता पिता सांगितलं, कोणाची तक्रार करतेय असं अजिबात नाही.

"बलवंताची पोर तू? तू मास्तरीण ना?" ती सगळ्यांनाच ‘तू’ म्हणते, बाबांनाही.

दोरीकडे बघून विचारलं, "कोणता कोणी घेत नाय?"

मी ४४४०४ दाखवलं.

"तो मना ठेव. सगल्यांचा घेऊन झाला की मी घेतंय. सोडतीच्या सकाली येईन, पगार झाला की."

मी म्हटलं, आत्ताच ने ना, पैसे नंतर दे. तर नको म्हणाली. आधी सगळ्यांनी निवडायचं, मग उरेल ते तिचं. बंपरला नेहमी असंच करते म्हणे. का, विचारलं तर म्हणाली, "बिचारा पडून ऱ्हातो. कोणीतरी घ्यायला नको?"

आणि लागलं तर काय करशील? हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. गाडी, फ्लॅट, एक जण म्हणाला मालकाच्या तोंडावर राजीनामा. नवसीने विचारसुद्धा केला नाही. "हीर." म्हणजे विहीर. "जमिनीत पानी असला की भट्टीवर कोन जातो?"

कमलेशच्या भाषेत सांगायचं तर या उत्तराला चेहरा होता.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

अवकाळी. दुपारभर पाऊस. तिकिटं पोटाशी धरून बसले. चिंतूचं भात कापून शेतात पडलं असेल तर गेलं. मला त्या माणसाचा चेहराही माहीत नाही आणि दिवसभर त्याच्या भाताचा विचार करत होते.

१ नोव्हेंबर, शनिवार

कमलेशने मोबाइलवर कसला तरी आकड्यांचा खेळ दाखवला. दर तीन मिनिटांनी सोडत. कोण काढतं, कुठे काढतं, किती जण खेळतात, काही पत्ता नाही. मी विचारलं, यात संधी किती? त्याला माहीत नाही. मलाही काढता येईना! पाच लाखांत एक हे वाईट असेल, पण ते निदान सांगता तरी येतं. तिकिटावर आकडा आहे, सोडत साक्षीदारांसमोर होते, निकाल पेपरात येतो.

त्याला रागावले. तो म्हणाला, "हां मैडम," आणि बोट चालूच.

बाबांना सांगितलं तर त्यांनी काळ्या चष्म्यातून बघत विचारलं, "ह्यात तिकीट कुठं हाय?"

५ नोव्हेंबर, बुधवार

मला वाटतं मी बाबांसाठी नवस बोलणार आहे. संख्याशास्त्राच्या मॅडम! कुणाला सांगू नको रे पाना.

८ नोव्हेंबर, शनिवार

सगळं लिहून काढते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

आज सोडत. सोडतीच्या दिवशी बारापर्यंत न विकलेली तिकिटं परत द्यायची असतात. वसईहून निमेशभाईंचा माणूस येऊन गठ्ठा घेऊन जातो. निमेशभाई म्हणजे आमचे मोठे विक्रेते, आम्हाला आणि विनोदला, दोघांनाही तिकिटं तेच देतात. बारा वाजून गेले की उरलेलं आपल्या गळ्यात. आज बाबाही दुकानावर होते, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच पूर्ण वेळ.

अकराच्या सुमाराला मी परतीचा गठ्ठा बांधला. ४४४०४ दोरीवरून काढलं आणि त्यात घातलं. कमलेश उभा होता, तो हसला — "चलो, हकला घर गया!" मीही हसले. नवसी आली नव्हती. पगार झाला नसेल, विसरली असेल.

कमलेश गेल्यावर बाबांनी गठ्ठा सोडला, ते तिकीट बाहेर काढलं आणि खिशात ठेवलं.

"बाबा, ती नाही आली तर ते तुमच्या गळ्यात पडेल. तुम्ही कधी खेळत नाही ना?"

"ठेव म्हणाली ती."

"पैसे दिलेत का तिने?"

"शब्द दिलाय ना आपण."

मी चिडले. कोण घेणार ते तिकीट, म्हटलं, तीन आठवडे कुत्रं विचारत नाही त्याला! बोलून गेले आणि मग लक्षात आलं मी काय बोलतेय. पोरांकडून पाठ करून घेते की सगळे आकडे सारखे, आणि तिकिटाचं तोंड बघून मीच ते परत पाठवत होते. नवरी बघायला आलेल्यांत मीही होतेच.

बाराला दहा कमी असतील, नवसी धावत आली. हात अजून ओले. पैसे दिले, तिकीट घडी करून ब्लाउजमध्ये ठेवलं, बाबांना म्हणाली "येतंय," आणि पळाली. दुपारची भांडी पडली होती.

साडेपाचला निकाल आला. मी मोबाइलवर बघत होते, बाबा तंबाखू मळत होते. पहिलं बक्षीस पन्नास लाख. डी सिरीज. ४४४०४.

मी तीनदा वाचलं. मग बाबांच्या पुढे धरलं. त्यांना एका डोळ्याने नीट दिसेना, म्हणून वाचून दाखवलं. त्यांनी तंबाखू टाकून दिली. चष्मा काढला. आणि मला विचारलं, "ते आपन विकलं ना? परत नाय ना गेलं?" — जसं काही स्वतःच्या हाताने त्यांनी विकलंच नव्हतं!

विकलं बाबा. तुम्ही विकलं.

मी निकाल पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. बाबांनी मात्र दुकान नेहमीप्रमाणे आवरलं. एवढंच म्हणाले, "तिला सांगितल्याबिगर कोणाला बोलायचं नाय." घरी येताना वळून एकदा टपरीकडे बघितलं, वर, नावाच्या खाली.

९ नोव्हेंबर, रविवार

निमेशभाईंचा सकाळी सातला फोन. कुठल्या दुकानातून गेलं ते त्यांना गठ्ठ्याच्या नोंदीवरून कळतंच. "बलवंतभाई, मुबारक! फ्लेक्स मी करून देतो, बँड लावू, पेढा वाटू! एकतीस साल!" फोनमधून आवाज स्वयंपाकघरापर्यंत. आई पदराने डोळे पुसत होती. बाबा नुसतं "हां, हां" करत होते, पण त्यांचं ते हसू! मी माझ्या आयुष्यात बघितलेलं नाही. त्या माणसाचे गालच वेगळे दिसत होते.

मला आनंद झाला. इतका झाला की मी आईला फुगडी घालायला लावली.

दुपारी नवसी दुकानावर आली, सुट्टीचा दिवस. तिला काहीच माहीत नव्हतं. तिकीट तपासायला आली होती. बाबांनी टपरीची झडप अर्धी खाली ओढली, तिला स्टुलावर बसवलं, आणि सांगितलं. कर कापून किती हातात येतील, तेही मी सांगितलं.

ती रडली नाही, ओरडली नाही. तिकिटाची घडी उलगडून आकड्यांवरून बोट फिरवलं. मग पहिलं वाक्य — "कोनाला सांगला?"

"कोणाला नाय."

"नको सांगू, बलवंता." मग हळूहळू बोलली. दिरांना कळलं तर दारात. मुकादमाला कळलं तर म्हणेल, भट्टीची मागची आगाऊ उचल फेड. पाड्यातले येतील, पुढारी येईल, खोलीचा मालक येईल. "मी देनार नाय असा नाय. देईन. पन आदी हीर. हीर झाली, पानी लागला, मंग येऊ दे कोन यायचा तो. आदी कलला तर हीर नाय होनार." चिंतूला ती स्वतः जाऊन सांगणार. बाकी कोणाला नाही.

बाबा म्हणाले, "माझ्या तोंडातून नाय जायाचं."

तिकिटाच्या मागे तिने सही केली. ठळक, शाळकरी. उद्या बाबा तिच्याबरोबर सरकारी कार्यालयात जाणार, बक्षिसाचा दावा लावायला.

ती गेल्यावर मी म्हटलं, तिचं नाव नाही सांगायचं, पण बोर्ड तर लावता येईल? बोर्डावर कुठे नाव असतं?

बाबांनी झडप पुन्हा वर केली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मी मूर्ख आहे.

काल पेपरात निकाल आला आणि आज सकाळपासून टपरीसमोर घोळका. "वो हकला वाला तो यहीं टंगा था!" "बळवंतशेठ, तुमच्याकडंच होतं ना ते?" तीन आठवडे अख्ख्या स्टेशनने त्या तिकिटाची टिंगल केली होती, विसरतील कसे? एक जण म्हणाला, "ती कॅन्टीनवाली घेते ना असली उरलेली?" 

बाबा शांतपणे म्हणाले, "आपल्याकडं होतं ते दुसऱ्या सिरीजचं. ह्या पोरीनं परत पाठवलं." कमलेशने साक्ष दिली — "हां, मेरे सामने मैडम ने वापस डाला." अर्धे गेले. अर्धे घुटमळत राहिले. सिरीज कोणाला आठवत नाही, हे आमचं नशीब. पण चार जणांच्या डोळ्यांत संशय होता, तो मी बघितला.

दुपारी गर्दी ओसरली तेव्हा बाबांनी विचारलं, "तुजं गणित सांग. बोर्ड इथं लावला तर तिला ओळखायची किती शक्यता?"

मला उत्तर माहीत होतं आणि द्यायचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की खोटं गणित सांगावं. दहात एक सांगावं. शंभरात एक सांगावं. समोर हा माणूस, डोळा औषध घालून लाल झालेला, नोव्हेंबर संपला की टपरी जाणार.

"शंभरात शंभर, बाबा. संध्याकाळपर्यंत कळेल सगळ्यांना."

त्यांनी मान हलवली. "आनि नाय लावला तर?"

नाही लावला तरी लोक विचारत राहणार, मी म्हटलं. पहिलं बक्षीस बोईसरमध्ये लागलं हे निमेशभाईंच्या माणसाने चहावाल्याला सांगून टाकलंय. मग कुठे लागलं, हा प्रश्न उरतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत लोक इथेच येतील.

"हां," बाबा म्हणाले.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. "लागलं आणि लागलंच नाय," म्हणाली. मला रडू आलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

बाबा दुपारी तासभर गायब. कुठे होतात, विचारलं तर, "विनोदकडं. चा प्यायला." एकतीस वर्षांत त्याच्याकडे कधी चहाला गेले नाहीत! आल्यावर निमेशभाईंना फोन लावला, टपरीच्या मागे जाऊन बोलले.

 मन मोकळं करत असतील.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सुट्टी संपली. कॉलेजमधून परत येताना स्टेशनजवळ बँड वाजत होता. विनोदच्या दुकानावर झेंडूच्या माळा, पेढ्यांची परात, आणि नवा कोरा फ्लेक्स वर चढत होता — पहिले बक्षीस याच दुकानातून, डी ४४४०४. कमलेश गर्दीतून ओरडला, "देखा मैडम? यहाँ निकला! आपके वाले की सिरीज ही अलग थी!" विनोद शिडीवर होता. शिडी खाली बाबांनी धरली होती, दोन्ही हातांनी, मान वर करून.

"उजवीकडून जरा वर घे, विनोद," ते सांगत होते. "लांबून दिसला पायजे."